खुंट्याचा ठोका

माझ्या उजव्या हाताची मधली दोन बोटं सरळ होत नाहीत. टाक धरला की ती आत वळून तळव्याला टेकतात, आणि म्हणून माझं अक्षर असं तिरकं येतं. कुणी विचारलं तर मी सांगते, मुसळाखाली आली. तेवढं खरं आहे. त्यापुढचं मी घराबाहेर कुणाला सांगितलेलं नाही.

माझं माहेर जालन्याचं. चार यत्ता झाल्या आणि लग्न झालं. सासर कुंभार पिंपळगावच्या बाजारापासून दोन कोसांवरच्या खेड्यात. घरात सासू, थोरले दीर, थोरली जाऊ आणि मी. आमचे हे जालन्यात सरकीच्या कारखान्यावर कामाला होते, महिन्या-दोन महिन्यांनी यायचे. सासूबाईंना मी आत्याबाई म्हणायची. दिरांशी तर बोलायचाच रिवाज नव्हता. ते अंगणात आले की मी पदर ओढून आत जायची. मी मुळातच भित्री. मोठ्यानं बोलायची वेळ आली की मी भिंतीकडं तोंड करायची, अजूनही करते.

जाऊबाईला ऐकू येत नव्हतं. पाच वर्षांची असताना मोठा ताप आला आणि त्यात कान गेले, मग बोलणंही गेलं. ती आत्याबाईंच्या सख्ख्या भावाची लेक. भावानं मरताना बहिणीच्या ओटीत घातली, म्हणून ती या घरात सून झाली. गाव तिला मुकी म्हणायचं, आत्याबाईही मुकीच म्हणायच्या. मी मनात आक्का म्हणायची. तिला ऐकू जाणार नव्हतं, पण मनात तरी नातं असावं.

तिच्या माझ्या बोलण्याच्या खुणा होत्या. नाकाची नथ चिमटीत धरली की आत्याबाई. वरच्या ओठावरून बोट फिरवलं की दीर. माझ्या हनुवटीवर गोंदणाचा ठिपका आहे, म्हणून तिनं स्वतःच्या हनुवटीला बोट लावलं की मी. डोक्यावर गाठोडं धरल्यासारखे हात नेले की माहेर.

आणि एक बोलणं खुणांवाचून चालायचं, ते उखळापाशी. आमच्या अंगणात दगडी उखळ जमिनीत पुरलेलं होतं. राळ्याचे बारीक दाणे सडायचे, म्हणजे कांडून त्यांचा कोंडा काढायचा असला की दोघी समोरासमोर उभ्या राहायचो, दोघींच्या हातात एकेक मुसळ. तिचं खाली आलं की माझं वर, माझं खाली आलं की तिचं वर. मुसळाच्या टोकाला लोखंडी कडं. ठोका जरा चुकला तर कडं कड्यावर आपटायचं. आक्काचा ठोका मी कधी चुकलेला पाहिला नाही. सगळ्या गावात तिच्याइतकं बराबर कांडणारी बाई नव्हती. मी तोंडातल्या तोंडात गाणं म्हणायची, ते तिला कुठं ऐकू येणार! पण थोड्या वेळानं तिच्या नाकातून एक हुंकार सुरू व्हायचा, मुसळाच्या तालात, वर जाताना बारीक आणि खाली येताना जाड. आपण आवाज करतोय हे तिला ठाऊक नव्हतं.

कांडताना राळे उखळाच्या कडेला चढतात. ते हातानं आत सारावे लागतात. इतर बायका "थांब गं" म्हणतात आणि हात घालतात. आम्हा दोघींत मी माझं मुसळ वर धरून ठेवायची. आक्का ते बघायची, थांबायची, मी हात घालून सारून घ्यायची, मग पुन्हा सुरू.

लग्नानंतर तिसऱ्या वर्षी दिवाळीच्या सुमाराला मला पहिल्यांदा शंका आली. दिवस कलला की आक्का भिंतीला हात लावून चालायची. बाजूला ठेवलेल्या घागरीला तिचा पाय लागायचा, आणि समोरची सुई मात्र ती बिनचूक ओवायची. चूल ती उन्हं असतानाच पेटवू लागली. आडावर जाताना तिचे ओठ हलायचे. ती पावलं मोजत होती. एकदा मी तिच्या अगदी बाजूला उभी होते तरी तिला पत्ता नव्हता. मी दंडाला हात लावला तशी ती केवढ्यानं दचकली. मग माझा हात धरून तिनं तो आपल्या पापण्यांवर ठेवला, नंतर आपल्या तोंडावर दाबून धरला. पुष्कळ वेळ दाबून धरला.

कुणाला सांगू नको, असं ती म्हणत होती. मीही सांगणार नव्हते. कारण महिन्याभरापूर्वीच मी आत्याबाईंचं बोलणं ऐकलं होतं. शेजारीण त्यांना म्हणत होती, "मुकी सून करून घेतली, छातीच म्हणायची तुमची."

"मुकी हाय, पण कामाला वाघीण हाय," आत्याबाई म्हणाल्या. "पाण्याला जाती, शेताला जाती. म्हणून चाललंय. आंधळी असती तर भावाची झाली म्हणून काय, मी देव्हाऱ्यात बसवणार होते व्हय?"

आक्काचं माहेर बदनापुराकडं. आईबाप गेलेले, भाऊ होते. ते भाऊ दोन वर्षांत एकदाही तिला न्यायला आले नव्हते. ती आंधळी होऊन परत गेली तर ते तिला कुठल्यातरी देवाच्या दारात भाकरी मागायला बसवतील, हे सगळ्यांना माहीत होतं. त्या दिवसापासून माझ्या जिवाला घोर लागला. तिच्या वाटेतल्या वस्तू मी आधीच उचलून ठेवायची. भाकरीबरोबरचं मीठ तिच्या हाताशी सरकवायची. आत्याबाईंनी बोलावलं की तिच्या तळव्यावर चिमटा घेऊन नथीची खूण करायची. आणि दर वेळी वाटायचं, आज कळणार.

कळलं ते एका बाईला. बांगड्या भरायला कुंभार पिंपळगावाहून एक मुसलमान बाई यायची. ओसरीत बसून ती आक्काचा हात चोळत होती, आणि मध्येच थांबली. बांगडी आक्कासमोर धरली, मग बाजूला नेली. आक्काची नजर समोरच राहिली.

"इसकू बाजू का दिखता नै," ती हळूच म्हणाली. "कब से?"

 मी फक्त हात जोडले.

"अगे रो मत. मैं चूडी बेचती, बात नै बेचती." आणि ती हसली. "मेरे मामू बहरे थे. मोहर्रम में ताशा कौन बजाता? मामूच. पेट पे बांधते ना, पेट से सुनते थे. तुम्हारी मुसलवाली भी पाँव से सुनती होंगी. देखो तुम."

मी बघितलं. आक्का कांडताना उजव्या पायाचा अंगठा उखळाच्या कडेला लावून उभी राहायची. हे मी तीन वर्षं पाहत होते, पण कळलं नव्हतं. मग मी एक प्रयोग केला. माझं मुसळ वर न धरता नुसता एक ठोका सोडला, म्हणजे मारलाच नाही. ती थांबली. अंगठ्याला माझा ठोका लागला नाही, म्हणून थांबली. मी पुन्हा एक मारला, तिनं पुढचा मारला. आता वर धरलेलं मुसळ तिला दिसायची गरज नव्हती. ठोका सोडला की थांबायचं. ही आमची नवी खूण झाली, आणि वर्षभर ती कुणाच्या लक्षात आली नाही.

पण त्या वर्षभरात तिला समोरचंही धूसर दिसू लागलं, आणि दर वेळी हात आत घालताना मी वर बघायची. लोखंडी कडं माझ्या मनगटावर दोन हात उंच थांबलेलं असायचं. तिनं थांबायचं ठरवलंय म्हणून ते थांबलंय, एवढाच काय तो भरवसा.

पुढच्या वर्षी दसरा झाला होता. मला सहावा महिना होता. आम्ही राळे कांडत होतो. उन्हं चांगली वर आली होती, आत्याबाई ओसरीत शेंगा फोडत होत्या. दिरांनी नवा गोऱ्हा आणला होता, त्याच्यासाठी ते उखळाच्या पलीकडं दहा-बारा हातांवर खुंटा रोवायला आले. मी पदर ओढून मान खाली घातली. राळे कडेला चढले होते. मी ठोका सोडला, आक्का थांबली. मी हात आत घातला.

दिरांनी खुंट्यावर घण मारला.

माझ्या पायालाही तो हादरा लागला. पण मला तो ऐकूही आला आणि कळलाही. आक्काला नुसता हादरा लागला. माझा ठोका पडला, आता आपला, असं तिला वाटलं.

तिचं मुसळ खाली आलं तेव्हा मी ओरडले की नाही, आठवत नाही. राळ्यात रक्त दिसलं ते आठवतं. आणि आक्का पुढच्या ठोक्याला मुसळ वर उचलून हुंकारत होती ते आठवतं. दिरांनी धावत येऊन तिच्या हातातून मुसळ हिसकावलं. ते त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. जावेचा हात उखळात, समोर उजेड लख्ख, आणि हिनं वरून मुसळ घातलं.

"बघून घातलं हिनं!" ते ओरडले. "आई, हात दिसत होता हिला, बघून घातलं!"

आत्याबाईंनी हळद दाबली, चिंधी बांधली. शेजारणी गोळा झाल्या. एक म्हणाली, "हिची कूस कोरी, आन् धाकलीला दिवस गेलेत. जळली असंल, दुसरं काय?" दुसरी म्हणाली, "आज हातावर घातलं, उद्या पोटावर घालंल. येगळं ठेवा माय धाकलीला."

मी कोपऱ्यात पडून हे ऐकत होते. बोटांत आग लागली होती. मला बोलायचं होतं. पण काय बोलणार? चूक माझी, मी म्हणाले असते, तर दिरांनी विचारलं असतं, समोरचा हात दिसला कसा नाही? ती आंधळी होत चाललीय म्हणून सांगितलं तर आत्याबाईंचं बोलणं माझ्या कानांत होतंच. दोन्ही वाटा बदनापुराकडंच जात होत्या. मी गप्प राहिले. त्या गप्प राहण्याची मला आजही भीती वाटते. माणूस इतकं गप्प राहू शकतं!

चार दिवस आक्काला माझ्याजवळ येऊ दिलं नाही. ती दारात येऊन हनुवटीला बोट लावायची, मग तळवे उघडायची. कुठंय धाकली, काय झालं? कुणी उत्तर देत नव्हतं. तिला झालं ते कळलं होतं की नाही, मला सांगता येत नाही. मुसळाखाली काहीतरी मऊ आलं, इतकं हाताला कळलंच असेल.

पाचव्या दिवशी सकाळी दिरांनी गाडी जुंपली. आत्याबाईंनी आक्कासमोर डोक्यावर गाठोडं धरल्याची खूण केली. आक्काचा चेहरा असा फुलला की मला बघवेना. दिवाळीला माहेरी नेतायत असं तिला वाटलं. तिनं नवं लुगडं नेसलं, पेटीतून कुंकवाची डबी घेतली. गाडीत बसल्यावर मी कुठं आहे म्हणून तिनं मान फिरवली. मी दारातच होते, तिच्या डाव्या हाताला. तिला दिसले नाही.

"आत्याबाई," मी म्हणाले.

माझा आवाज मलाच ओळखू आला नाही. दीर गाडीपाशी उभे होते आणि त्यांच्यासमोर मी कधी शब्द काढला नव्हता. मी भिंतीकडं तोंड केलं आणि भिंतीलाच सांगितलं, "आत्याबाई, आक्काला दिसत नाही."

"काय?"

"बाजूचं काहीच दिसत नाही. समोरचंही धूसर दिसतं. ती पायानं ठोका ओळखते. भाऊजींनी खुंटा ठोकला, तिला वाटलं माझं मुसळ पडलं. हात मी घातला होता. चूक माझी."

आत्याबाई माझ्याजवळ आल्या. "कधीपासून?"

"मागल्या दिवाळीपासून."

"आन् वर्षभर तू गिळून बसलीस?"

दीर म्हणाले, "खोटं हाय आई. तिला वाचवायला बोलून राह्यली. दिसत न्हाई तर इतकं काम कसं करती?"

आत्याबाई गाडीकडं बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "उतरव तिला. आन् घण आण."

आक्काला उतरवून उखळापाशी आणलं. तिच्या हातात मुसळ दिलं. ती गोंधळली. तिनं डोक्यावर गाठोड्याची खूण केली, जायचं ना? कुणी काही केलं नाही. मग तिनं पायानं उखळ चाचपलं, अंगठा कडेला लावला आणि मुसळ धरून उभी राहिली. उखळ रिकामं होतं. समोर कुणी नव्हतं. मी भिंतीला टेकून उभी होते. तिनं आता ठोका ओळखला नाही तर मी खोटी, ती दुष्ट. ओळखला तर ती आंधळी. यातलं काय व्हावं म्हणून देवाला सांगायचं, ते मला कळत नव्हतं.

"ठोक," आत्याबाई म्हणाल्या.

दीर आक्काच्या मागं जाऊन खुंट्यापाशी वाकले. पहिला घण बसला. आक्कानं मान वाकडी केली. दुसरा बसला. ती थांबलेलीच. तिसऱ्यानंतर तिनं मुसळ उचललं आणि रिकाम्या उखळात घातलं. दगडावर लोखंड खणकलं. दीर चमकून मागं वळले. त्यांनी पुन्हा घण मारला, पुन्हा तिचं मुसळ आलं. ते थांबले, ती थांबली. ते भराभर मारू लागले, ती भराभर. हळू मारला, तिनं हळू. तिच्या नाकातून हुंकार सुरू झाला. समोर कुणी नाही, उखळात दाणा नाही, आणि ती मान डोलवत कांडत होती. त्या दोघांच्या लग्नाला आठ वर्षं झाली होती. दिरांनी मारलेल्या कुठल्याच हाकेला तिनं असं उत्तर दिलं नव्हतं. ते घण मारतच राहिले. आत्याबाईंनी "बास" म्हटलं तरी त्यांनी आणखी दोन मारले.

आत्याबाईंनी आक्काच्या चेहऱ्याच्या बाजूनं हात फिरवला. डाव्या बाजूनं, मग उजव्या. आक्का उखळाकडं बघून हसत होती. कुणी आपला निवाडा करतंय, हे तिच्या गावीही नव्हतं.

"माझ्या भावाची लेक," आत्याबाई म्हणाल्या आणि खालीच बसल्या.

मला वाटलं, संपलं. मी तिला दुष्टपणातून सोडवलं आणि आंधळेपणात ढकललं. गाडी जुंपलेलीच होती. बैलांच्या गळ्यातले घुंगरू वाजत होते.

दीर हातात घण घेऊन उभे होते. त्यांचा आवाज खाली आला होता. "आई, बैल सोडू, का जुंपलेलेच राहू देऊ?"

 आत्याबाईंनी माझ्या चिंधी बांधलेल्या हाताकडं पाहिलं, माझ्या पोटाकडं पाहिलं, मग सुपातल्या राळ्यांकडं पाहिलं. रक्ताचे टाकून दिले होते, उरलेले चार दिवस तसेच अर्धे सडलेले पडून होते.

"लोक काय म्हणतील?" दीर म्हणाले.

"लोकांनी कालपस्तोर लई म्हणलं. खरं एक तरी म्हणले का?" आत्याबाई गुडघ्यावर हात टेकून उठल्या. "सोड बैल."

मग त्या माझ्याकडं वळल्या. मला वाटलं, आता थोबाडीत बसणार. बसली असती तरी मला चाललं असतं.

"हिला थांबवायचं कसं?" त्या म्हणाल्या. "नीट सांग. एक शब्द गाळू नको."

मी सांगितलं. आपला एक ठोका सोडायचा. तिचं मुसळ वरच राहिलं, दोन श्वास तसंच राहिलं, की मग हात घालायचा, त्याआधी नाही. हात काढल्यावरच पुढचा ठोका मारायचा. आणि तोवर अंगणात कुणी काही ठोकायचं नाही, आपटायचं नाही. हे शेवटचं मीच आधी विसरले होते.

आत्याबाईंनी उखळात राळे ओतले. माझं मुसळ उचललं. दिरांकडं न बघता म्हणाल्या, "तो घण खाली ठेव. ठेव म्हणजे हळू ठेव. आन् बैलांना हलू देऊ नको, जागीच धर."

आक्काला समोरचा ठोका वेगळा लागला असावा. आत्याबाईंचा हात जड होता. तिनं क्षणभर मुसळ रोखून धरलं, अंगठा कडेवर घट्ट रोवला. मग हनुवटीला बोट लावायच्या ऐवजी तिनं नाकाची नथ चिमटीत धरली आणि मान हलवली. ओळखलं होतं. दोघी कांडू लागल्या. आत्याबाईंना धाप लागली, पण त्या थांबल्या नाहीत. राळे उसळले, कडेला चढले.

आत्याबाईंनी ठोका सोडला. आक्काचं मुसळ वर थांबलं. अंगणात कुणीही हललं नाही. दिरांनी बैलांच्या वेसणी धरल्या होत्या. आत्याबाई माझ्याकडं बघत होत्या. त्यांच्या कपाळावर घाम आला होता, आणि पहिल्यांदाच मला कळलं की त्यांनाही भीती वाटते.

"दोन श्वास झाले का गं?" त्यांनी विचारलं.

मी मान हलवली. त्यांनी हिरव्या बांगड्या मनगटावर मागं सारल्या आणि हात उखळात घातला. मला बघायचं नव्हतं, पण डोळे मिटले तर काय होईल या भीतीनं मी ते मिटलेही नाहीत.